परसबाग पाहायला या : घरची बाग लोकांसाठी उघडताना

शिवारफेरी आपल्याला नवीन नाही. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेजारच्या गावातील एखाद्या प्रगतिशील शेतकऱ्याच्या मळ्यात आपण जातो. बांधावर उभे राहून पीक पाहतो, पान उलटून किडी शोधतो, खताचा हिशेब विचारतो आणि परतीच्या वाटेवर गाडीत त्यावर वाद घालतो. मात्र ही फेरी नेहमी मळ्यातच होते. घराच्या मागील दाराबाहेर जी गुंठा-दोन गुंठे जागा असते, जिथे अळूचा वाफा, शेवग्याचे झाड, वालाचा मांडव आणि मोरीचे पाणी असते, तिकडे पाहुण्याला कोणी नेत नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवायचे, चहा द्यायचा आणि मागचे दार लोटून घ्यायचे, अशी आपली रीत आहे.

हे मागचे दार वर्षातून एक दिवस उघडे ठेवावे, असे या लेखात सुचवायचे आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा किंवा धडगाव यांसारख्या तालुक्याच्या गावी एकाच आळीतील पाच-सात घरांनी मिळून ठरविले, तर सकाळच्या तीन-चार तासांत आसपासच्या गावांतील लोक या परसबागा पाहून जाऊ शकतात. खर्च जवळजवळ नाही. परंतु काही काळजी घेतली नाही, तर या भेटीतून बियाण्याऐवजी रोग-किडीच घरोघर जातील. म्हणून विषय थोडा तपशिलाने मांडला आहे.

कशासाठी उघडावी?

तापीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई, कापूस आणि मिरची ही पैसा देणारी पिके आहेत. पण पाच-दहा एकर बागायत असलेल्या घरातही भाजी आठवडे बाजारातून येते, हे आपण सर्वजण जाणतो. प्रौढ माणसाला दररोज किमान ३०० ग्रॅम भाजीपाला आहारात हवा. पाच माणसांच्या घराला हे रोजचे दीड किलो होतात. बाजारातून आणून इतकी भाजी शिजविणारी घरे थोडी. सातपुड्याच्या पाड्यांवर तर बाजार दूर आणि पावसाळ्यात वाटाही बंद. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून कुपोषण हा शब्द या जिल्ह्याच्या नावाला चिकटून आहे. त्यामुळे परसबाग हा इथे हौसेचा विषय नाही. ‘उमेद’ अभियानाने २०२० पासून ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राज्यभर राबविली आणि बचत गटांच्या महिलांनी गोल आकाराच्या, वाफे पाडलेल्या बागा केल्या. कृषी विज्ञान केंद्रेही परसबागेसाठी बियाण्याचे संच देतात.

परंतु संच संपला की बाग संपते, असे बऱ्याच ठिकाणी होते. पाकिटातील संकरित बियाणे एका हंगामापुरते असते. याउलट ज्या घरात आजी किंवा सासूबाई राखेत घोळलेले वालाचे बी मडक्यात ठेवते, तिथे बाग कोणाच्या योजनेशिवाय चालू राहते. अशी घरे प्रत्येक गावात दोन-चार तरी असतात, पण ती बाहेर कोणाला ठाऊक नसतात. वाढत्या गावात मागच्या अंगणात एक खोली वाढविली, वर सिमेंट पडले, की मडक्यातील बी पुढच्या वर्षी कुठे लावायचे हा प्रश्न उरतो. दोन-तीन वर्षे पेरले नाही की उगवण कमी होत जाते आणि शेवटी वाण त्या घरातून नाहीसा होतो. बाग दाखविण्याचा खरा उपयोग इथे आहे. पाहायला आलेल्या दहा जणांपैकी तिघांनी मूठभर बी नेऊन लावले, तरी तो वाण एका घराऐवजी चार घरांत राहतो.

कोंभाळण्याचे उदाहरण

अकोले तालुक्यातील कोंभाळणे या डोंगराळ गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांचे नाव आता सर्वांना माहीत आहे. त्यांनी वाल, घेवडा, भात, वेलवर्गीय भाज्या, पालेभाज्या यांचे गावठी वाण जपले. बायफ या संस्थेच्या मदतीने घरीच बियाणे बँक उभी केली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या माध्यमातून परिसरातील स्त्रियांना या कामात आणले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराची गोष्ट बाजूला ठेवली तरी आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्यांच्या घरी आणि परसात लोक पाहायला जातात. शाळेत न गेलेली एक शेतकरी स्त्री उभ्या वेलीपुढे त्यांना वाण ओळखायला शिकविते. नेलेल्या बियाण्याच्या बदल्यात हंगामानंतर दुप्पट बी परत करायचे, असा तेथील व्यवहार आहे. पूर्वी आपल्याकडे धान्याची सवाई-दिढी चालत असे, तीच पद्धत इथे बियाण्याच्या भल्यासाठी वापरली आहे. बायफचे अशाच प्रकारचे बियाणे जतनाचे काम धडगाव भागात मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांवरही झाले आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यालाही ही गोष्ट परकी नाही.

घरच्या बागा लोकांना दाखविण्याची चाल परदेशातही आहे. इंग्लंडमध्ये १९२७ साली घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांच्या कामासाठी निधी हवा होता, म्हणून ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन उघडण्यात आल्या आणि पहिल्याच वर्षी आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. तो उपक्रम आजही चालू आहे. तेथील बागा फुलांच्या व हिरवळीच्या, आपल्या भाजीच्या. शिवाय आपण तिकीट लावू नये असे वाटते. एकदा पैसे घेतले की पाहुण्याला सजावट दाखवावी लागते. आपल्याला शेणाचा उकिरडा आणि मोरीच्या पाण्याचा चरही दाखवायचा आहे.

दिवस कोणता निवडावा?

सप्टेंबर-ऑक्टोबरात वेल भरात असतात, पण बी तयार नसते, चिखल असतो आणि शेतात कामांची घाई असते. मार्चनंतर ऊन वाढते, विहिरी खाली जातात आणि बाग केविलवाणी दिसते. सर्वात योग्य काळ म्हणजे जानेवारीचा. भोगीच्या भाजीत जे जे पडते ते वाल, वांगी, घेवडा, गाजर, हरभऱ्याचे घाटे सगळे त्या सुमारास तयार असते. मांडवावर हिरव्या शेंगांबरोबर बियाण्यासाठी राखलेल्या वाळल्या शेंगाही दिसतात. नंदुरबारात या दिवसांत पथारीवर लाल मिरची वाळत असते आणि बाजार समितीत येणारा शेतकरी गावात असतोच.

संक्रांत ते रथसप्तमी या काळात हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रिया घरोघर जातात व वाण लुटतात. प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी बियाण्याची पुडी वाण म्हणून द्यावी, ही कल्पना चांगली आहे आणि काही घरांत ती रुजेलही. तरीही बाग पाहण्याच्या दिवसाला हळदीकुंकू म्हणू नये. त्या रिवाजात विधवा स्त्रियांना बोलावीत नाहीत, आणि गावातील बियाणे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बहुधा त्याच असतात. पुरुषही बाहेर राहतात. दिवस सर्वांसाठी असावा. एखादा रविवार निवडावा आणि सकाळी आठ ते बारा एवढीच वेळ ठेवावी.

बी देताना

पाहुणा बागेतून काहीतरी नेतोच. त्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, हे आधी ठरविणे आवश्यक आहे.

वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो यांच्या फुलात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळधारणा होते. म्हणून शेजारी दुसरा वाण असला तरी बी बरेचसे शुद्ध राहते. हे बी निर्धास्तपणे द्यावे. मिरचीत मधमाश्यांमुळे बराच संकर होतो. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर ठेवावे लागते, यावरून अंदाज यावा. आपल्या परसात चार तऱ्हेच्या मिरच्या असतील, तर बी देताना तसे सांगून द्यावे.

खरी अडचण वेलवर्गीय भाज्यांची आहे. दुधी, डांगर, दोडका, गिलके यांत नर व मादी फुले वेगळी असतात आणि परागीभवन किडींमार्फतच होते. या पिकांच्या प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर अंतर लागते, जे कोणत्याही आळीत मिळणे शक्य नाही. आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक गोष्ट आहे. सातपुड्यातील होळीत बुध्ये कमरेला वाळलेले भोपळे बांधून नाचतात. भांड्यांसाठी व वाद्यांसाठीही कडू भोपळ्याचा वेल हौसेने राखला जातो. हा भोपळा आणि आपला खाण्याचा दुधी एकाच जातीचे असून त्यांचा संकर सहज होतो. यंदा वेलावर आलेले फळ गोडच लागते, कारण फळाची चव मादी वेलाप्रमाणे असते. पण त्यातील बी पुढच्या वर्षी लावले, तर त्या वेलाला कडू फळे येऊ शकतात. अत्यंत कडू दुधी खाल्ल्याने किंवा त्याचा रस घेतल्याने उलट्या, रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. दुधीचा काप जिभेला लावून कडू लागला तर तो टाकून द्यावा, शिजवून कडूपणा जात नाही. तेव्हा कडू भोपळा जरूर लावावा, तो आपल्या सणाचा भाग आहे, परंतु जवळच्या दुधीचे बी हाताने परागीभवन केल्याशिवाय कोणाला देऊ नये.

हाताने परागीभवन करणे सोपे आहे. मादी फुलाच्या खाली लहानसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ असतो. दुधीची व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, डांगर व गिलके यांची पहाटे. उमलण्यापूर्वी, म्हणजे दुधी-दोडक्यात त्याच दिवशी दुपारी आणि डांगर-गिलक्यात आदल्या संध्याकाळी, एक-दोन नर व एक मादी कळी दोऱ्याने हलकी बांधून ठेवावी किंवा त्यावर कागदी पिशवी चढवावी. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधावे. देठाला रंगीत दोरा बांधून खूण करावी. ते फळ वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. एका फळातून दहा-वीस घरांना पुरेल इतके बी मिळते. बाग पाहायला आलेल्यांना दोरा बांधलेले फळ जरूर दाखवावे. लोक त्याविषयी हमखास विचारतात आणि मग शिकवायची संधी मिळते.

संकरित वाणाचे बी धरून वाटू नये. पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि दोष देणाऱ्याकडे येतो. शहादा भागात बहुतेकांकडे असणाऱ्या तैवान ७८६ पपईचे बीही याच कारणाने देऊ नये.

पुडीवर बियाण्याचे नाव, लावण्याचा महिना आणि ज्या घरातून आले त्यांचे नाव लिहावे. नाव घरात जे म्हणतात तेच लिहावे. अहिराणी, गुजर, भिलोरी, पावरी, मावची बोलींत एकाच भाजीला निरनिराळी नावे आहेत. आपण ज्याला गिलके म्हणतो त्याला देशावर घोसाळे म्हणतात. पुस्तकी नाव शोधत बसण्यापेक्षा आजीने सांगितलेले नाव जास्त मोलाचे, कारण त्या नावाबरोबर वाणाची ओळखही राहते.

रोग आणि किडी घरोघर जाऊ नयेत

आपल्या परसबागेभोवती हजारो एकर पपई आणि मिरची आहे, हे विसरून चालणार नाही. परसातील दोन झाडे रोगट असली तरी आपले फारसे बिघडत नाही, पण वेशीबाहेरच्या शेतकऱ्याचा हंगाम जाऊ शकतो.

पपईवरील वलयाकार ठिपक्यांचा विषाणू (रिंग स्पॉट) घ्या. कोवळी पाने पिवळट-हिरवी, चट्ट्यांची होतात व आक्रसतात, देठावर व खोडाच्या कोवळ्या भागावर गर्द हिरव्या तेलकट रेषा दिसतात आणि फळावर वलये उमटतात. हा विषाणू बियाण्यातून किंवा पाहुण्याच्या कपड्यांवरून जात नाही. तो मावा या किडीमार्फत जातो. मावा रोगट पानात सोंड घालून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. म्हणूनच फवारणी करूनही रोग थांबत नाही. किडा मरण्यापूर्वी काम करून जातो. वेलवर्गीय भाज्यांतही हा विषाणू राहू शकतो. यावर औषध नाही. तेव्हा बाग उघडण्यापूर्वी रोगट पपई उपटून जाळून किंवा पुरून टाकावी. घरच्या झाडाला फळे लागलेली असली की जीव होत नाही, हे खरे. पण शेजारच्या शिवारात पपईची लागवड असलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या गावातील अंगणांत एकदा फिरून पाहावे, उगम तिथेही सापडेल.

मिरचीचे तसेच आहे. पानांच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, आणि पाने बारीक होऊन झाड खुरटले असेल तर पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू समजावा. आपण सगळ्यालाच बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो. शेतातील मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, पण परसातील मिरचीचे झाड मोरीच्या पाण्यावर दोन-दोन वर्षे जगते. अशा जुन्या झाडावर विषाणू आणि किडी उन्हाळा काढतात व जूनमध्ये गादीवाफ्यावर रोपे उगवली की तिकडे सरकतात. घरची जुनी मिरची मे महिन्यातच काढून टाकावी आणि नवे रोप लावावे. हे काम आळीतील सर्वांनी एकाच आठवड्यात केले तर अधिक उपयोग होतो.

पपईवरील पिठ्या ढेकूण मात्र माणसाबरोबर प्रवास करतो. ही परदेशी कीड २००८ मध्ये आपल्या देशात प्रथम कोइमतूर येथे आढळली आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातही पोहोचली. २०१० मध्ये पोर्तो रिको येथून अॅसेरोफॅगस पपाये ही परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडल्यावर ती बरीच आटोक्यात आली. या किडीला पपईबरोबर जास्वंद, वांगी, कापूस, तुती अशी अनेक झाडे चालतात. जास्वंदीची फांदी मागून नेणे हा आपल्याकडील पाहुण्यांचा हक्कच समजला जातो आणि कीड नेमकी त्या फांदीच्या बेचक्यात बसलेली असते. म्हणून त्या दिवशी फांदी कोणालाही देऊ नये. फारच आग्रह झाला तर कलम करून, तीन आठवडे वेगळे ठेवून, स्वच्छ दिसल्यावर नंतर द्यावे. किडीवर पांढऱ्या कापसाऐवजी रिकामी तपकिरी कवचे दिसत असतील तर आपला मित्रकीटक कामावर आहे, तिथे फवारणी करू नये.

त्या दिवसाची तयारी

दोन माणसे सहज जातील एवढी वाट मोकळी करावी व वाफ्यांच्या कडेला सुतळी बांधावी. लोक वाफ्यात पाय ठेवतात ते पान जवळून पाहण्यासाठी, तेव्हा दाखवायची झाडे वाटेच्या कडेला असावीत. पिंप, हौद, कुंड्यांखालच्या थाळ्या आदल्या दिवशी कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. कीडनाशकांच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात. अंगणात कण्हेर, पिवळी कण्हेर किंवा धोतरा असेल तर ‘विषारी’ अशी पाटी लावावी, कारण मुले येणार. भाजी तोडू देऊ नये. त्याऐवजी एका टोपलीत तोडलेल्या शेंगा चव पाहण्यासाठी ठेवाव्यात.

घरातील ज्या व्यक्तीने बाग केली, तिनेच बोलावे. बहुतेक घरी ही व्यक्ती सासूबाई किंवा सूनबाई असते, आणि पाहुणे आले की घरचे कर्ते पुरुष पुढे होऊन माहिती सांगू लागतात. त्यांनी त्या दिवशी चहाकडे बघावे. गावातील शाळेचे शिक्षक, ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आलेले विद्यार्थी किंवा कृषी सहायक यांना वहीत नोंदी घेण्यास सांगावे.

कायद्याची भीती बाळगू नये. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. फळझाडांची कलमे व रोपे विकायची असतील, तर मात्र १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो.

दुपारी बारा वाजता दार बंद झाल्यावर वहीत कोण कोणते बी घेऊन गेले ते लिहून ठेवावे. पुढील जानेवारीत त्याच घरांना आधी निरोप पाठवावा आणि बी परत आणायला सांगावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा चौकशी केली तर किती जणांनी खरोखर लावले हे कळते. ज्यांनी डब्यातच ठेवले असेल त्यांना वालाचे बी अजून मृगात टोकता येते, मांडव नंतर केला तरी चालतो.